रुळांवर कुणीतरी आहे

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या अगदी तळाला, फ्लोरिडाच्या वेशीवर फोक्स्टन नावाचं लहानसं गाव आहे. ओकेफेनोकीची प्रसिद्ध दलदल इथून जवळच. मगरी पाहायला येणारे येतातच; पण घडीची खुर्ची, कॅमेऱ्याची तिपाई आणि थंड पेयांची पेटी घेऊन गावात उतरणाऱ्यांना मगरींशी काही देणंघेणं नसतं. ते येतात गाड्या बघायला. सॅव्हानाकडून आणि वेक्रॉसकडून येणारे सीएसएक्स या रेल्वे कंपनीचे दोन मार्ग इथे एकत्र येतात आणि फ्लोरिडात जाणारी-येणारी बरीचशी वाहतूक एका दुहेरी मार्गावरून धावू लागते. म्हणून या जागेला ‘फोक्स्टन फनेल’ म्हणतात. मैल-मैल लांबीच्या मालगाड्या, अधूनमधून ॲमट्रॅकची प्रवासी गाडी, आणि प्रवाशांबरोबर त्यांच्या मोटारीही वाहून नेणारी ‘ऑटो ट्रेन’. गावाने या पाहुण्यांची नस ओळखली. रुळांपासून चार हात लांब छप्पर घातलेला उंच ओटा बांधला, पंखे लावले, दिवे लावले आणि रेल्वेच्या वायरलेसवरचं बोलणं पकडणारा एक स्कॅनर स्पीकरला जोडून दिला.

त्या स्पीकरवर बहुतेक वेळ काहीच नसतं, नुसती खरखर. मग एखादा चालक समोर दिसणारा सिग्नल मोठ्याने पुकारतो. रुळांलगत बसवलेलं तपासयंत्र वरून गाडी गेली की यंत्राच्या आवाजात मैलाचा आकडा सांगतं, दोष नसल्याचं कळवतं आणि किती आस मोजले ते सांगून गप्प होतं. एका मालडब्याला साधारण चार आस, त्यामुळे चारशे ऐकलं की शंभरेक डब्यांची गाडी येतेय हे ओट्यावरची जुनी मंडळी लगेच ओळखतात. कुठे रूळदुरुस्तीची टोळी काम संपल्याचं कळवते, कुठे चालक आणि कंट्रोल यांच्यात बदली कर्मचाऱ्यांची गाडी अजून का आली नाही यावरून कुरबुर चालते. या रटाळ बोलण्यात रेल्वेवेड्यांना रस का वाटावा, हे बाहेरच्याला कळणं अवघड आहे. ज्यांना कळतं ते त्यासाठी दिवसभर उन्हात बसतात.

आणि मग या सगळ्यात एखादं वाक्य असं येतं की ओट्यावरच्या गप्पा थांबतात. चालक अमुक मैलाजवळच्या पुलावर दोन पोरं चालत असल्याचं सांगतो. हॉर्न दिल्यावर ती बाजूला झाली, पण उतरून गेली नाहीत. किंवा कुणीतरी रुळावर बसलेलं दिसलं. किंवा बॅकपॅक घेतलेला एक माणूस उत्तरेकडे चाललाय आणि त्याच्या कानात हेडफोन आहेत. अमेरिकी रेल्वेच्या भाषेत हे सगळे ‘ट्रेसपासर’. रेल्वेची हद्द ही कंपनीची खासगी मालमत्ता, तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकणारा तो घुसखोर.

हे ऐकायला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. उत्तर अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांचं बोलणं व्हीएचएफ पट्ट्यात, साधारण 160 ते 161 मेगाहर्ट्झच्या दरम्यान चालतं. या पट्ट्यातल्या वाहिन्यांना क्रमांक आहेत आणि कोणत्या मार्गावर कोणती वाहिनी हे रेल्वेवेड्यांच्या पुस्तिकांमध्ये वर्षानुवर्षं छापलं जातं. 1 जानेवारी 2013 पर्यंत सगळ्यांना वाहिन्या अरुंद कराव्या लागल्या, तरी बोलणं बहुतांशी साध्या, उघड्या पद्धतीनेच राहिलं. हातात मावणारा स्कॅनर पुरतो. मुरलेले लोक आणखी एक वाहिनी लावून ठेवतात, 457.9375 मेगाहर्ट्झची. मालगाडीच्या शेवटच्या डब्याला लावलेली पेटी ब्रेकच्या नळीतला दाब इंजिनाला कळवत असते, त्याची छोटी चिवचिव तिथे ऐकू येते. ती ऐकू आली की गाडी काही मैलांत आहे हे समजायचं आणि कॅमेरा सरसावायचा.

मात्र स्कॅनरवरचं संभाषण बहुधा अर्धंच मिळतं. कंट्रोलचा आवाज उंच मनोऱ्यावरून येतो, तो दूरवर पोचतो. इंजिनातला रेडिओ जमिनीलगत असतो, मध्ये टेकडी किंवा झाडी आली की तो हरवतो. म्हणजे ओट्यावर बसलेल्याला फक्त कंट्रोलचं ‘समजलं, किती जण आहेत?’ ऐकू येतं आणि उत्तर येतच नाही. पुढचा प्रश्न येतो, ‘लहान मुलं आहेत का?’ पुन्हा शांतता. रेडिओवर कानोसा घेणाऱ्याला अशा रिकाम्या जागा आपल्या मनाने भरायची सवय लागते, आणि त्या चुकीच्या भरल्या जाण्याची शक्यताही तेवढीच.

अमेरिकेत हे ऐकणं गुन्हा नाही. 1986 च्या इलेक्ट्रॉनिक संभाषणांच्या खासगीपणाविषयीच्या कायद्यात सर्वांना सहज ऐकू येणाऱ्या अशा खासगी वायरलेस सेवा ऐकायला मुभा ठेवलेली आहे. 1934 च्या दळणवळण कायद्याने मात्र पकडलेलं बोलणं दुसऱ्याला सांगण्यावर आणि त्यातून फायदा काढण्यावर बंधनं घातली. व्यवहारात रेल्वे कंपन्या रेल्वेवेड्यांकडे कानाडोळा करतात. चालक त्यांना खासगीत ‘फोमर’ म्हणतात, म्हणजे गाडी दिसली की तोंडाला फेस येणारे. शब्द खोचक आहे, पण हॉर्न वाजवून हात हलवणारेही तेच चालक.

आता त्या पुलावरच्या पोरांचं पुढे काय होतं? चालकाची बातमी जाते डिस्पॅचरकडे. आपल्याकडच्या सेक्शन कंट्रोलरचं काम तो करतो, पण बसतो शेकडो मैल दूर. सीएसएक्सचं केंद्र जॅक्सनव्हिलला, बीएनएसएफचं टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला, युनियन पॅसिफिकचं ओमाहाला. डिस्पॅचरने ती जागा डोळ्यांनी कधी पाहिलेलीही नसेल. त्याच्या पडद्यावर फक्त रेघा आणि आकडे असतात. म्हणून चालकाने मैल नीट सांगणं, कोणत्या बाजूला, कोणत्या रुळावर, किती जण, कोणत्या दिशेने, हे सगळं एका दमात सांगणं महत्त्वाचं. डिस्पॅचर मागून येणाऱ्या आणि समोरून येणाऱ्या गाड्यांना सावध करतो. गरज पडली तर ‘रिस्ट्रिक्टेड स्पीड’ने जायला सांगतो, म्हणजे नजर पोचते त्याच्या निम्म्या अंतरात गाडी थांबवता येईल इतक्याच वेगाने, आणि कोणत्याही परिस्थितीत ताशी 20 मैलांच्या वर नाही. मग रेल्वेच्या पोलिसांना फोन. अमेरिकेत हे पोलीस कंपनीच्या पगारावर असतात, अधिकार मात्र सरकारने दिलेले खरे पोलिसी. मालगाड्यांमधून फुकट भटकणाऱ्या जुन्या भटक्यांच्या बोलीत त्यांना ‘बुल’ म्हणत. एकेका पोलिसाच्या वाट्याला मैलोन्‌मैल रूळ येतात. तो पोचेपर्यंत पोरं घरी जेवायला बसलेली असतात.

यातला प्रत्येक दुवा मंद आहे, आणि गाडी मंद नाही. मालगाडी ताशी 88 किलोमीटरने धावत असेल तर सगळे ब्रेक एकदम लावल्यावरही ती थांबायला दीड किलोमीटरच्या वर अंतर खाते. चालकाला सुकाणू नसतं. माणूस दिसला की हॉर्न द्यायचा, ब्रेक टाकायचा आणि काचेतून बघत बसायचं. रेडिओवर बोलता येतं, पण ज्याच्याशी बोलायचं तो रुळावरचा माणूस ते ऐकत नसतो. स्कॅनरवर ऐकणाऱ्याला नेमकी हीच गोष्ट कळते, जी स्टेशनवरच्या फलकाने कधी कळत नाही. फलक घुसखोराच्या बाजूने विचार करतो, त्याला दंडाची भीती घालतो. रेडिओवर तोच प्रसंग गाडीच्या बाजूने ऐकू येतो.

चालकांच्या नियमपुस्तकात हॉर्नच्या खुणा ठरलेल्या आहेत. फाटकापाशी दोन लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब. रुळावर माणूस किंवा जनावर असेल तर आखूड आखूड आवाजांची माळ. माणूस आणि गाय यांना नियमाने एकाच ओळीत बसवलं आहे, आणि इंजिनातून पाहिलं तर त्यात गैर काही नाही. गाय निदान हेडफोन घालत नाही.

हॉर्न ऐकूनही माणसं का हटत नाहीत? याचं एक उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्शेल लाइबोवित्झ यांनी 1985 मध्ये मांडलं. मोठी वस्तू आपल्याला तिच्या खऱ्या वेगापेक्षा सावकाश येतेय असं वाटतं. विमानतळावर उतरणारं प्रचंड विमान जसं तरंगत आल्यासारखं दिसतं, तसं समोरून येणारं इंजिनही. त्यात रूळ सरळ असतील तर इंजिन फक्त आकाराने वाढत जातं आणि तेही आधी अगदी हळू, शेवटी एकदम. ‘अजून वेळ आहे’ असं वाटणारा माणूस मूर्ख असतोच असं नाही. त्याचे डोळे त्याला फसवत असतात.

हा सिद्धांत मुंबईत वडाळ्याच्या रुळांवर वापरला गेला. 2010 च्या सुमारास ‘फायनल माइल’ या मुंबईतल्या वर्तनशास्त्राच्या संस्थेने मध्य रेल्वेच्या सहकार्याने तिथे तीन साधे उपाय केले. काही स्लीपर ठराविक अंतराने पिवळे रंगवले, म्हणजे गाडी ते एकामागून एक गिळत येताना दिसेल आणि वेगाचा खरा अंदाज येईल. लोक रूळ ओलांडतात नेमकं तिथेच, गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याची मोठी छायाचित्रं लावली. आणि मोटरमनना एक लांबलचक भोंगा देण्याऐवजी दोन आखूड भोंगे द्यायला सांगितले, कारण दोन आवाजांमधल्या शांततेने मेंदू जास्त दचकतो. वडाळ्यातले मृत्यू लक्षणीय घटले. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अलीकडच्या वर्षांत दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास माणसं मरतात आणि त्यातली निम्म्याच्या जवळपास रूळ ओलांडताना, हे लक्षात घेतलं तर पिवळ्या रंगाचा खर्च फारच स्वस्त म्हणायला हवा. नोव्हेंबर 2019 मध्ये पश्चिम रेल्वेने रूळ ओलांडणाऱ्यांना पकडून उचलायला रेल्वे सुरक्षा दलाच्या माणसाला यमराजाचा पोशाख चढवला होता. त्याची छायाचित्रं देशभर गाजली. मुंबईकराने मात्र यमाबरोबर सेल्फी काढला असणार.

अमेरिकेतला आकडा मुंबईच्या मानाने लहान वाटेल. आत्महत्या वगळूनही तिथे दरवर्षी पाचशेहून अधिक माणसं रेल्वेच्या हद्दीत घुसल्याने मरतात. फाटकांवरचे अपघात गेल्या अर्धशतकात खूपच कमी झाले. 1972 मध्ये आयडाहो राज्यात सुरू झालेल्या ‘ऑपरेशन लाइफसेव्हर’ या मोहिमेचा त्यात मोठा वाटा. घुसखोरी मात्र हटत नाही, कारण तिला फाटकासारखी ठरलेली जागा नसते. नदीवर मासे धरायला जाणारा, दारू पिऊन जवळच्या वाटेने घरी निघालेला, शाळेच्या निरोपाचं छायाचित्र रुळांवर उभं राहून काढून घेणारी मुलगी. त्या छायाचित्रांची तिथे इतकी चाल आहे की त्यांच्याविरुद्ध वेगळा प्रचार करावा लागतो. रुळांमधून चालत जाण्यात अमेरिकी मनाला एक स्वातंत्र्याची हौस दिसते. चित्रपटांनी ती वाढवली.

आणि एका चित्रपटानेच तिची किंमत दाखवली. फोक्स्टनच्याच मार्गावर, उत्तरेला वेन काउंटीत अल्टामाहा नदीवर रेल्वेचा पूल आहे. 20 फेब्रुवारी 2014 ला ‘मिडनाइट रायडर’ या चित्रपटाचा ताफा त्या पुलावर चढला. गायक ग्रेग ऑलमन याच्या आयुष्यावरचा चित्रपट, त्यातलं एक स्वप्नदृश्य, त्यासाठी रुळांवर मधोमध रुग्णालयातला लोखंडी पलंग मांडलेला. सीएसएक्सने या चित्रीकरणाला लेखी नकार दिला होता. गाडी आलीच तर उतरायला साठ सेकंद मिळतील असं मंडळींना सांगण्यात आलं होतं. गाडी ताशी नव्वदेक किलोमीटरने आली. लोक पुलावरून धावत सुटले, पलंग तसाच राहिला, इंजिनाने तो उडवला आणि 27 वर्षांची एक कॅमेरा सहायक तरुणी ठार झाली. आणखी काही जण जखमी झाले. दिग्दर्शक रँडल मिलर याने 2015 मध्ये सदोष मनुष्यवध आणि घुसखोरीचा गुन्हा कबूल केला आणि तो तुरुंगात गेला.

गोष्ट तिथे संपत नाही. त्या तरुणीच्या आई-वडिलांनी रेल्वेवरही दावा लावला. त्यांच्या वकिलांचं म्हणणं असं की त्या दिवशी अपघाताआधी दोन गाड्या त्याच जागेवरून गेल्या होत्या. रुळांलगत जमलेली माणसं, सामान, हे त्या गाड्यांच्या चालकांनी पाहिलं असणार. मग त्यांनी रेडिओ उचलून डिस्पॅचरला कळवलं का नाही? एका वाक्याची बातमी गेली असती तर तिसऱ्या गाडीचा चालक आधीच सावध झाला असता. धडकेपूर्वी ब्रेक का लावले नाहीत, हाही प्रश्न होता. 2017 मध्ये जॉर्जियातल्या ज्युरीने चित्रपटवाल्यांवर दोष ठेवला, पण एक मोठा वाटा सीएसएक्सच्याही पदरात टाकला.

या खटल्यामुळे स्कॅनरवरची ती कंटाळवाणी वाटणारी वाक्यं वेगळी ऐकू येऊ लागतात. मैलाचा आकडा, पुलाची बाजू, दोन पोरं. रोज शेकडो चालक हे कळवतात आणि बहुतेक वेळा काहीच होत नाही. काहीच न होणं हेच त्या वाक्याचं काम आहे, म्हणून त्याची कुठे बातमी होत नाही. न बोललेल्या वाक्याची मात्र कोर्टात उलटतपासणी झाली. चालकांच्या बाजूनेही बोलायला हवं: रोज त्याच वळणावर तीच चार माणसं दिसत असतील, तर कितव्यांदा कळवताना आवाज कंटाळणार नाही?

जेव्हा काही होतं तेव्हा रेडिओवरचा सूर क्षणात बदलतो. अमेरिकेच्या केंद्रीय नियमाप्रमाणे संकटाचा संदेश ‘इमर्जन्सी’ हा शब्द तीनदा उच्चारून सुरू करायचा असतो. तो ऐकू आला की त्या वाहिनीवरच्या बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं. मग इंजिनाचा क्रमांक, जागा, आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या गाड्या थांबवण्याची विनंती. कारण ब्रेक एकदम बसल्यावर आपलाच एखादा डबा घसरून दुसऱ्या रुळावर गेला असेल तर ते अंधारात चालकाला दिसत नाही. गाडीत दोनच माणसं, चालक आणि कंडक्टर. कंडक्टर विजेरी आणि हातातला रेडिओ घेऊन खाली उतरतो आणि गाडीच्या कडेने मागे चालू लागतो. कधी पाऊण मैल, कधी दीड मैल. त्या चालण्याच्या वेळात रेडिओवर जवळजवळ काही ऐकू येत नाही. जे ऐकू येतं ते छापण्यासारखं नसतं, आणि कुणाच्या नातेवाइकाला ते स्कॅनरवाल्याकडून कळावं असं तर मुळीच नसतं. या वेळी स्पीकरचा आवाज बंद करणारा रेल्वेवेडा सभ्य मानायला हरकत नाही.

चालकांवर अशा प्रसंगाचा काय परिणाम होतो याकडे अमेरिकी रेल्वेने उशिरा लक्ष दिलं. 2008 च्या रेल्वे सुरक्षा कायद्यानंतर 2014 मध्ये केंद्रीय नियम आला: प्रत्येक मोठ्या रेल्वेने अशा आघातासाठी योजना ठेवावी, ज्यांच्या गाडीखाली माणूस आला त्यांना उरलेल्या पाळीतून सुटका, घरी पोचवण्याची सोय आणि हवं तर समुपदेशन मिळावं. त्याआधी बऱ्याचदा तोच चालक तीच गाडी पुढे घेऊन जात असे. त्याच 2008 च्या कायद्याने मुख्य मार्गांवर ‘पॉझिटिव्ह ट्रेन कंट्रोल’ ही स्वयंचलित यंत्रणा सक्तीची केली. ती सिग्नल ओलांडणारी गाडी थांबवते, अतिवेग रोखते. रुळावरचा माणूस तिला दिसत नाही.

रेल्वेवेड्यांचं या व्यवस्थेत काही काम आहे का? बीएनएसएफला वाटलं, आहे. 2006 मध्ये त्या कंपनीने ‘सिटिझन्स फॉर रेल सिक्युरिटी’ हा उपक्रम सुरू केला. नाहीतरी ही माणसं दिवसभर रुळांकडे डोळ्यांत तेल घालून बघत बसतात. तर संशयास्पद काही दिसलं, रुळांवर कुणी घुसलेलं दिसलं, तर कळवा. ॲमट्रॅकच्या पोलिसांनीही असाच उपक्रम काढला. अमेरिकेत प्रत्येक फाटकावर निळी पाटी असते, तिच्यावर फोन क्रमांक आणि त्या फाटकाचा नोंदणी क्रमांक. मुरलेले रेल्वेवेडे तो क्रमांक आधी टिपून ठेवतात. स्कॅनरवर आधीच ऐकलेलं कळवायची गरज नाही, ते डिस्पॅचरला ठाऊकच असतं. उपयोग आहे तो गाडी येण्याआधी दिसलेलं कळवण्याचा.

हे सख्य नेहमी निर्मळ राहिलं असंही नाही. सप्टेंबर 2008 मध्ये कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थला मेट्रोलिंकची प्रवासी गाडी लाल सिग्नल ओलांडून मालगाडीवर आदळली आणि 25 जण मेले. गाडीचा चालक तेव्हा मोबाइलवर मजकूर पाठवण्यात गुंतला होता. पलीकडे एक किशोरवयीन रेल्वेवेडा होता. वर सांगितलेला 2008 चा कायदा याच अपघाताच्या पाठोपाठ झाला, आणि चालकांच्या हातातल्या खासगी फोनवर बंदी आली.

ब्रिटनमध्ये हा कान कधीच बंद झाला. तिथे परवानगीशिवाय असं बोलणं ऐकणं 2006 च्या वायरलेस कायद्याने मुळातच मना आहे, आणि आता रेल्वेने जीएसएम-आर ही डिजिटल, सांकेतिक यंत्रणा देशभर बसवल्याने स्कॅनरला खरखरही मिळत नाही. चालकाच्या दृष्टीने ती सरस आहे. रुळावर माणूस दिसला की लाल बटण दाबायचं, त्या टापूतल्या सगळ्या गाड्यांना एकदम सूचना जाते आणि त्या थांबतात. डिस्पॅचरने एकेकाला हाक मारत बसायला नको. आपल्याकडे तर 1933 च्या कायद्यापासून परवान्याशिवाय वायरलेस संच बाळगणंच गुन्हा, त्यामुळे लोको पायलट आणि गार्ड यांच्या वॉकीटॉकीवरचं बोलणं ऐकण्याचा छंद भारतात रुजलाच नाही. इथला रेल्वेवेडा इंजिनाच्या भोंग्यावरून आणि वेळापत्रकावरून काम चालवतो. रुळांवर घुसल्याबद्दल 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, तो त्यालाही लागू.

कारण रुळांवर घुसणाऱ्यांत रेल्वेवेडेही असतात, आणि ते सगळ्या देशांत. जपानमध्ये छायाचित्रं काढणाऱ्या रेल्वेवेड्यांना ‘तोरितेत्सु’ म्हणतात. फेब्रुवारी 2010 मध्ये कान्साई मार्गावर एका खास गाडीचं छायाचित्र घ्यायला ते थेट रेल्वेच्या हद्दीत शिरले आणि पुढच्या गाड्या अडकल्या. जून 2024 मध्ये कॅनडाहून मेक्सिकोत आलेलं ‘एम्प्रेस’ हे जुनं वाफेचं इंजिन हिदाल्गो राज्यातून जात असताना एक स्त्री सेल्फीसाठी रुळांच्या अगदी कडेला बसली आणि इंजिनाचा धक्का लागून जागीच मेली. इंजिन रुळांपेक्षा दोन्ही बाजूंना हातभर तरी रुंद असतं, हे फोनच्या पडद्यात बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

ब्रिटनमधला किस्सा सगळ्यात बोलका. 1923 मध्ये बांधलेलं ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे जगप्रसिद्ध इंजिन मोठ्या दुरुस्तीनंतर 25 फेब्रुवारी 2016 ला लंडनच्या किंग्ज क्रॉसहून यॉर्कला निघालं. वाटेत हजारो लोक उभे. केंब्रिजशायरमध्ये सेंट निओट्सजवळ गाडी थांबवावी लागली, कारण तिला बघायला आलेलेच लोक रुळांवर उतरले होते. मागच्या-पुढच्या रोजच्या प्रवासी गाड्याही खोळंबल्या. ब्रिटनमध्ये विलंबाच्या प्रत्येक मिनिटाला कारणाचा संकेत देतात. घुसखोरीचा संकेत ‘एक्सए’. त्या मिनिटांची भरपाई रूळ सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलकडून गाड्या चालवणाऱ्या कंपन्यांना द्यावी लागते. त्या एका दिवसाच्या प्रेमापोटी ती सुमारे 60,000 पौंड झाली.